आमच्या घरात छापलेली सुटका

लिफ्ट बंद पडली की लिफ्टपाशी जावं लागतं. खड्ड्यात उतरायचं, दोराला हात लावायचा, कोपरापर्यंत ग्रीस चोपडून घ्यायचं. मी जन्मभर हेच केलं. त्यामुळे आमच्या सूनबाईचं काम मला कितीतरी दिवस कामच वाटेना. ती जेवणाच्या टेबलाशी बसते आणि तिने कधी न पाहिलेल्या कचेऱ्यांमधले, कधी न पाहिलेले प्रिंटर इथूनच दुरुस्त करते. त्या टेबलावर भाजी निवडायची आमच्या हिची सोय मात्र गेली.

मला प्रिंटर या जातीचाच राग आहे. लिफ्ट बिघडली की सरळ बिघडते, मध्येच थांबते, आतली माणसं ओरडतात. प्रिंटर हिरवा दिवा लावून ‘तयार आहे’ म्हणतो आणि ढिम्म हलत नाही. असली माणसंही मी पुष्कळ पाहिली आहेत.

त्या शुक्रवारी दुपारी सूनबाईचा हेडफोन रुसला होता, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. समोरून एका कोर्टातला कारकून बोलत होता. बोलत कसला, आकांडतांडव करत होता.

“मॅडम, हे मशीन आता मी खिडकीबाहेर फेकणार आहे!”

“फेका काका, पण आधी काय अडलंय ते सांगा,” सूनबाई म्हणाली.

अडलं होतं ते असं. एका तरुण मुलाला जामीन मिळाला होता. सुटकेचा आदेश छापून त्यावर न्यायाधीशांची सही घ्यायची होती आणि संध्याकाळी तुरुंगाचं फाटक बंद व्हायच्या आत तो तिथे पोचवायचा होता. उशीर झाला तर पोरगा सोमवारपर्यंत आत. आणि त्याची आई सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होती. न्यायाधीशबाई घरी निघाल्या होत्या, त्यांना गाडीपाशी थोपवून धरायला शिपाई धावला होता.

मी पेपर खाली ठेवला. आमची ही म्हणाली, “अगं बाई!” आणि कणीक तशीच सोडून बाहेर आली.

“काका, छापायचं बटण कोणी कोणी दाबलंय?” सूनबाईने विचारलं.

“सगळ्यांनीच! चौघांचे कॉम्प्युटर याच एका प्रिंटरला जोडलेत. जाताना प्रत्येकजण दाबून गेला. मी तर अजून दाबतोय.”

“आता कोणी काही दाबायचं नाही. हात खिशात घाला बघू.”

कारकुनाला त्या गडबडीतही हसू आलं. तोवर तिने त्याच्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्या पडद्यावर आणला होता. तिकडचा बाण इकडून फिरत होता. तिने प्रिंटरपुढे तुंबलेली रांग दाखवली. एकेक आदेश वीस-वीस वेळा उभा होता. ती सगळी तिने पुसून टाकली आणि म्हणाली, “आता फक्त सुटकेचा आदेश. एकदाच दाबा.”

त्याने दाबलं. तिकडे सामसूम. “काही नाही हो मॅडम,” तो रडकुंडीला आला.

आणि आमच्या फ्रिजशेजारचा प्रिंटर घरघरला.

एक कागद बाहेर आला. मी तो उचलला, चांगला ऊन लागला हाताला. वर कोर्टाचं नाव, खाली त्या मुलाचं नाव, वय बावीस, आणि त्याखाली ‘तात्काळ सुटका करण्यात यावी’. कुणाचं तरी पोरगं मी हातात धरून आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, आणि त्या कागदाचा तिथे काडीचा उपयोग नव्हता.

“अगं, तो इकडे आलाय!” मी ओरडलो.

तिने एकदा मागे वळून पाहिलं, तेवढ्यात तिला सगळं उमगलं. “काका, चूक माझी आहे,” ती फोनवर म्हणाली. “जोडणी करताना माझ्या घरचा प्रिंटरही तुमच्या कॉम्प्युटरला दिसायला लागला आणि त्याने कागद इथे धाडला. मी माझा प्रिंटर काढून टाकते. तुमचा हा कागद आत्ता फाडते.”

आमच्या धंद्यात बंद लिफ्टपाशी उभं राहून मी सगळी कारणं ऐकली आहेत. वीज कमी येते, उंदरांनी वायर कुरतडली, लोक दारं आपटतात. ‘चूक माझी आहे’ हे एकदाही ऐकलं नव्हतं, आणि तेही घड्याळ डोक्यावर बसलेलं असताना. ही पोर मला फार आवडते, हे एकदाचं सांगून टाकतो.

“फाडतेस कशाला? फोटो काढून पाठव की!” मी म्हटलं.

“बाबा, त्यांना सही-शिक्क्याचा कागद लागतो. आणि हा आपण वाचायचा नाही.” तिने त्याच्या बारीक पट्ट्या केल्या. मी वाचून बसलो होतो.

मग ती खऱ्या दुखण्याकडे वळली. “काका, आज वीज गेली होती का?”

“जेवणाच्या सुट्टीत गेली होती. का?”

ऑफिसातल्या तारांवर प्रत्येक प्रिंटरला आकड्यांचा एक पत्ता असतो, असं तिने सांगितलं. वीज परत आल्यावर या प्रिंटरला नवा पत्ता मिळाला होता आणि बिचारे कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसले होते. नवा पत्ता प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर दिसतो. पण प्रिंटर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि कारकुनाला खुर्ची सोडता येईना, कारण कॉम्प्युटर पावलोपावली परवानगी मागत होता.

“बाहेर कोणी आहे का?”

“कोणी नाही. त्या मुलाची आई आहे फक्त.”

“मग त्यांना फोन देऊन प्रिंटरपाशी पाठवा.”

पावलं वाजली. मग एक दबलेला आवाज आला, “हॅलो?”

“मावशी, मशीनच्या काचेवर आकडे दिसतात का? एकेक करून सांगा.”

ती बाई वाचू लागली. एक, नऊ, दोन, मग टिंब. सूनबाई प्रत्येक आकड्याला “हं” म्हणत टाइप करत होती. शेवटी आवाज अडखळला. “हा आठ आहे का तीन, कळत नाही गं. काच खरवडलीये. माझा चष्मा बाकावर राहिला. माझ्यामुळे चुकलं तर?”

“काही चुकत नाही. चुकलं तर पुन्हा करू. घाई नाही,” सूनबाई म्हणाली.

घाई नाही! माझा जीव टांगणीला लागला होता, आमच्या हिने पदराला कणीक पुसून ठेवली होती, आणि ही बया म्हणते घाई नाही. पण फोनमधला श्वास खरंच संथ झाला.

“त्या आकड्याची डावी बाजू उघडी दिसते की बंद?”

“उघडी.”

“मग तीन. शाब्बास मावशी. काका, दाबा!” शेवटचे दोन शब्द ती एवढ्या जोरात ओरडली की ते फोनशिवायही पोचले असते.

क्षणभर काहीच नाही. मग फोनमधून घरघर आली. “सरकतंय,” बाई म्हणाली. “पोरी, आला! आला कागद!” पुढे नुसत्या चपला फटफटत व्हरांडाभर पळत गेल्या आणि फोन बंद झाला.

सूनबाईने पुढचा फोन घेतला. कुठल्याशा शाळेच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. ती तितक्याच गोडीने त्यांच्याशी बोलत राहिली. मी मात्र खिडकी आणि घड्याळ यांच्यामध्ये येरझाऱ्या घालून हिची बोलणी खाल्ली.

दिवे लागल्यावर कारकुनाचा फोन आला. “मॅडम, सही मिळाली, तुरुंगाच्या दारातून बोलतोय. शिपायाच्या भरवशावर राहिलो असतो तर झालंच होतं. मावशींना स्कूटरवर मागे बसवलं आणि मीच आलो. थांबा, देतो.”

“बोल रे, हीच ती,” मागून आईचा आवाज आला.

“हॅलो... ताई?” एक कोवळा पुरुषी आवाज म्हणाला.

दिवसभर अख्ख्या जगाला धीर देणाऱ्या आमच्या सूनबाईने फोन माझ्या हातात कोंबला आणि ओढणी तोंडाला लावली.

“ताई इथेच आहे, तिला बोलवत नाहीये,” मी म्हणालो. “मी तिचा सासरा.”

“आई म्हणते, त्यांना सांग, मी बाहेर आलो.”

“कळलं रे बाळा,” मी म्हटलं. “आधी तिला पाणी दे. सकाळपासून बाकावर बसलीये ती.”