न लागलेली चावी

कुणाच्या घरी दुःख झालं की आपण भेटायला जातो. जायलाच हवं. पण गेल्यावर आपल्याला गप्प बसवत नाही! दोन घटका शेजारी बसून उठावं, तर ते नाही. आपण लगेच देवाचे वकील होतो. असं का झालं, कुणाचं काय चुकलं, देवाच्या मनात काय होतं, सगळं आपल्याला ठाऊक असतं. ऐकणाऱ्याच्या काळजाचं काय होतं, तेवढं मात्र ठाऊक नसतं.

चावीकाकांच्या घरी हेच झालं. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं कुलपांचं दुकान होतं. हरवलेली चावी करून द्यावी, अडून बसलेलं कुलूप बोलण्याबोलण्यात उघडावं ते काकांनीच. त्यांच्या इमारतीतल्या प्रत्येक घराची एक जादा चावी त्यांनी हौसेने घासून दिली होती, आणि त्या सगळ्या तळमजल्यावरच्या सिस्टरांकडे एका फळीवर टांगलेल्या असत. सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. कुणी चावी आत विसरून दार ओढून घेतलं, की सिस्टर आधी त्याची यथास्थित हजेरी घेत आणि मगच फळीला हात लावत.

काकांना एकच लेक, चिमणी. तोंडाचा पट्टा असा, की शेजारी म्हणत, हिच्या तोंडाला कुलूप घालणं काही काकांना जमलं नाही. तिला ताप आला, आणि तो उतरलाच नाही. दवाखाने झाले, प्रार्थना झाल्या. चिमणी गेली.

मग माणसांची रीघ लागली. एक म्हणाले, तिचं तेवढंच आयुष्य होतं. दुसऱ्या म्हणाल्या, यातून काहीतरी चांगलंच होईल. आणि काकांचे लांबचे मामा पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, "राग मानू नकोस, पण तुझा धंदा पडला लोकांची कुलपं उघडण्याचा. कुणाचा तरी तळतळाट लागला असेल. देव उगाच कुणाला शिक्षा करत नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी घराच्या दाराचं जुनं लॅच काढलं आणि स्वतःच्या हाताने जोडलेलं नवं बसवलं. दार ओढलं की बंद, आणि चावीशिवाय बाहेरून कुणाची टाप नाही. धक्का देऊन दार फोडता येऊ नये म्हणून चौकटीला आतून लोखंडी पट्टीही ठोकली. चाव्या दोनच. एक त्यांची, एक बायकोची.

"अहो, एक सिस्टरांकडे ठेवू या ना," बायको म्हणाली. "नेहमी असते."

"काही नको. आता या घरात कुणी यायचं नाही. ना माणूस, ना देव."

"असं बोलू नये हो."

"मग कसं बोलू? त्याने का नेली आपली पोर, ते सांग मला."

"मला नाही माहीत," ती डोळे पुसत म्हणाली. "मी त्याला कारण विचारत नाही. नुसतं म्हणते, सोडू नकोस आम्हाला."

काकांनी मान फिरवली. सिस्टर दोनदा डबा घेऊन आल्या, तर काकांनी दार न उघडता आतूनच सांगितलं, "जेवण झालंय आमचं." सांत्वनाचे फोन नकोत म्हणून दिवसभर फोनही बंद ठेवू लागले. बायको मात्र रोज खिडकीशी बसून हळू आवाजात प्रार्थना करायची. काका तेवढा वेळ पंखा मोठा करून ठेवत.

एका दुपारी ती ओट्याशी उभी होती आणि उजवी बाजू एकाएकी लुळी पडली. ती कोसळली. हाक मारायला गेली, तर जीभ वळेना. तेव्हा डाव्या हाताला सापडलेलं ताट तिने फरशीवर आपटायला सुरुवात केली.

तळमजल्यावर सिस्टरांनी तो आवाज ऐकला. आयुष्य वॉर्डात गेलेली बाई ती, काय ते समजली. फळीवरची चावी ओढून, गुडघे दुखत असताना जिना चढून त्या दाराशी आल्या. चावी आत गेली, फिरली नाही. पुन्हा लावली, उलटी लावली, जोर लावला. वरचे शेजारी धावून आले, खांदे लावले. पट्टी हलली नाही. काकांचं काम होतं ते, हलणार कसं? फोन लावला तर बंद. दुकान गाठलं तर काका दुसऱ्या गल्लीत कुणाचं तरी अडकलेलं कपाट उघडायला गेलेले. त्यांना शोधून आणेपर्यंत आतला ताटाचा आवाज थांबला होता.

बायको वाचली. पण डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर हात आणि वाचा, दोन्ही वाचवता आली असती. आता बघू."

दवाखान्याच्या बाकावर काकांचा बांध फुटला. "आधी लेक नेली, आता हिची वाचा! सिस्टर, हाच का हो तुमचा दयाळू देव? कुठे होता तो आज दुपारी?"

दुपारपासून मिटलेली मूठ सिस्टरांनी उघडली. आत ती चावी होती. दाबून दाबून तिचे दाते तळहातावर उमटले होते.

काकांनी चावी ओळखली. सवयीनेच तोंडातून गेलं, "ही नाही लागायची. ही जुन्या लॅचची..."

आणि ते तिथेच थांबले.

अरे देवा! कुठे होता म्हणून काय विचारतोय मी? दारात उभा होता! या म्हातारीचे दुखरे गुडघे घेऊन जिना चढून आला होता! आणि दार कुणी बंद केलं होतं? मी!

"मीच केलं हे," ते कसेबसे म्हणाले. "मामा म्हणाले ते खरंच. मला शिक्षा..."

"गप्प बसा!" सिस्टर कडाडल्या. "त्या मामाचं नाव काढू नका. देव असल्या शिक्षा देत नाही. तुम्ही दुःखाने वेडे झाला होतात आणि चुकलात, एवढंच." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाऊ, मी फार मरणं पाहिली. प्रत्येक वेळी त्याला विचारलं, का? एकदाही उत्तर मिळालं नाही. पण दुःखात एकटं टाकलेलं कुणी मला दिसलं नाही. कुणी ना कुणी येतंच. चिमणीच्या शेवटच्या दिवशी तिच्या उशाशी कोण होतं?"

"तुम्ही."

"माझा हात धरून बोलतच होती पोरगी. घाबरली नाही. ती दया नव्हती?"

काकांना आठवलं. चिमणी हसलीसुद्धा होती. त्या दिवशी काय गेलं हे त्यांनी सारखं उगाळलं होतं, काय मिळालं होतं ते पाहिलंच नव्हतं. ते तोंड झाकून रडले.

"त्याच्या मनात काय आहे, ते मला कळलेलं नाही," सिस्टर म्हणाल्या. "कळेपर्यंत दार उघडं ठेवायचं, एवढं आपल्या हातात."

बायकोला घरी आणण्याआधी काकांनी नवं लॅच उचकटून काढलं, पट्टी काढली, जुनं लॅच बसवलं. चावी स्वतः नेऊन फळीवर अडकवली. मग बायकोच्या पलंगाशी बसून प्रार्थना करायला गेले, तर शब्दच सापडेनात. "मला माफ कर," एवढंच म्हणाले. कुणाला म्हणाले, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. तिने डावा हात त्यांच्या हातावर ठेवला.

तिचा उजवा हात पुन्हा चालला नाही. देवावर भरवसा ठेवला म्हणून गेलेली दुपार परत येत नाही, आणि काकांच्या कानात ते ताट अजून वाजतं. पण इमारतीत कुणावर प्रसंग आला की काका जाऊन शेजारी बसतात. का झालं, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मला माहीत नाही. मी बसतो इथे."

मंडळी, दुःखातल्या माणसाला कारणं सांगू नका, ती आपल्याला ठाऊक नसतात. आणि दुःख आपल्यावर आलं तर देवाची दया दिसत नाही म्हणून दार लावून घेऊ नका. ती बहुतेक वेळा जिना चढतच असते.

काकांच्या बायकोला आता थोडे शब्द येतात. रोज संध्याकाळी ते दुकानातून आले की ती मोठ्या कष्टाने एकच शब्द विचारते, "दार?"

"उघडं आहे गं," काका म्हणतात, आणि मान खाली घालून तिच्याजवळ बसतात.