गुलछडीचे कान

सटवाजी दलाल तिसऱ्यांदा फेरी मारून आला, तेव्हा तारामतीने त्याच्याकडे पाठ केली आणि ती गुलछडीच्या आयाळीतली कुसळं काढू लागली. काढण्यासारखं काही नव्हतंच. माळेगावच्या घोडेबाजारात रांगेच्या टोकाला, लिंबाखाली उभं करण्याआधी पहाटेच तिने दोन्ही घोड्यांना खरारा केला होता, खुरंसुद्धा ओल्या फडक्याने पुसली होती.

"काकू, गिऱ्हाईक कवाचं थांबलंय," सटवाजी म्हणाला. "तेलंगणातलं हाय. दोन्ही घेतो म्हनतंय. तुमी नुसतं हाव म्हना."

"काम काय देनार यान्ला?"

"काम का? असंच आपलं. मालाची ने-आण."

"कशाच्या मालाची?"

सटवाजीने डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली. "इटा," तो म्हणाला.

तारामतीने मान फिरवली. वीटभट्टीवर घोडी किती दिवस टिकते हे तिलाही ठाऊक होतं आणि सटवाजीलाही. तो गेला मात्र नाही. पलीकडच्या चहाच्या गाड्यावर जाऊन बसला, तिथून लिंब नीट दिसत होता.

लोह्यात आणि आजूबाजूच्या गावांत तारामतीला घोडेवाल्या काकू म्हणत. श्रीमंत, म्हणजे तिचा नवरा, वारल्यावर नऊ वर्षं तिनेच वरातीचे घोडे सांभाळले. लगाम स्वतः धरून वरातीपुढे चालणारी बाई म्हणून सुरुवातीला लोक टकमक बघायचे, मग सवय झाली. आता मात्र तिचे दोन्ही गुडघे गेले होते. येत्या गुरुवारी लातूरला ऑपरेशन होतं. पुढे राहायचं लेकाकडे, औसा रोडला, दुसऱ्या मजल्यावर. लोह्यातली शेडची जागा मालकाला परत द्यायची होती. गुलछडी चोवीस वर्षांची, नूरी एकोणीसची. या दोघींचं काय करायचं, एवढं एकच ठरायचं राहिलं होतं.

विचारून तिने सगळीकडे पाहिलं होतं. गोशाळेत घोडे घेत नाहीत. भोकरच्या एका मंगल कार्यालयवाल्याला एकटी नूरी हवी होती. कोणी सांगितलं, विष्णुपुरीच्या धरणाकडे सोडून द्या, नदीकाठी गवत भरपूर आहे. तसा सोडलेला एक घोडा तिने नांदेडच्या रस्त्यावर दुभाजकावर उभा असलेला पाहिला होता. दोन्ही बाजूंनी ट्रक चालले होते, आणि तो कुठेच जात नव्हता.

"माय, सांज व्हायच्या आत काय ते ठरव," शिवशंकर म्हणाला. तिचा हा लेक लातूरच्या दाळमिलमध्ये कामाला होता आणि एका दिवसाची रजा टाकून आला होता. "उद्याच्याला मिलात माझी पाळी हाय. यान्ला काय मी जिन्यावरून वर न्हेऊ?"

"न्हेशील तर नूरी चढल," तारामती म्हणाली. "गुलछडीचं सांगता येत न्हाई."

शिवशंकरला हसू आलं, पण त्याने ते आवरलं.

तेवढ्यात पशुवैद्यकांच्या तंबूतली मुलगी रक्ताचे नमुने घेत रांगेच्या टोकापर्यंत आली. डॉक्टर विशाखा, भोकरच्या दवाखान्यात होती. किडकिडीत, चष्म्याची, हातात वही. प्रत्येक जनावराशी आधी दोन शब्द बोलायची आणि मगच सुई लावायची. तिने दोघींचं रक्त घेतलं, दात पाहून वय सांगितलं, ते दोन्ही वेळा बरोबर आलं. मग तारामतीने शिवशंकरला चहा आणायला पिटाळलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टरीणबाई, तुमच्याकडं ती सुई असती ना? झोपायची?"

विशाखाने वही मिटली. "असते, मावशी. दुखणं थांबत नसलं, जनावर उठत नसलं, तर देतो आम्ही. यांना काय झालंय?"

"काय न्हाई झालं. मलाच झालंय."

विशाखाने गुलछडीचे पाय तपासले, पोटाला कान लावला, डोळ्यांत टॉर्च मारला. गुलछडी पांढरीशुभ्र, चेहरा पूर्ण पांढरा आणि डोळे निळसर. त्या डोळ्यांपाशी विशाखा जरा जास्तच थांबली.

"ही फटाक्यांना भीत नाही?"

"ही?" तारामतीचा चेहरा उजळला. "पोरी, सगळ्या तालुक्यात हिच्यासारखी शांत घोडी न्हाई. ह्याच बाजारात घेतली आमच्या मालकानं. तवा बी असंच, घोडा घ्यायचा तर शेजारी हलगी वाजवून बघायचा. आमच्या मालकानं हलगी वाजवली, वर फटाक्याची माळ लावली. बाकीचे घोडे दावी तोडून पळाले. ही कडबा खात हुती. मालक म्हनले, बस, हीच."

"मावशी, एक ताट द्या."

तारामतीने पिशवीतलं स्टीलचं ताट दिलं. विशाखा दोन्ही घोड्यांच्या मागे, त्यांना दिसणार नाही अशी गेली, आणि तिने ताट दगडावर टाकलं. नूरीचे दोन्ही कान झटकन मागे वळले. गुलछडीचे कान जागचे हलले नाहीत. विशाखाने पुन्हा टाकलं, जागा बदलून, डावीकडून, उजवीकडून. पाच वेळा. पाचही वेळा तेच.

"शांत घोडीचेसुद्धा कान वळतात," ती म्हणाली. "भीती नसली तरी वळतात. हिला ऐकूच येत नाही, मावशी. बहुतेक जन्मापासून. असा पांढरा चेहरा आणि निळे डोळे असले की कधी कधी असतं."

तारामती लिंबाच्या बुंध्याला टेकली. अठरा वर्षं. आधी श्रीमंत या घोडीच्या शांतपणाचं कौतुक ज्याला-त्याला सांगत राहिला, आणि तो गेल्यावर ती. रोज सकाळी शेडमध्ये पाऊल टाकताना ती हिला हाका मारायची. घोडी मान वर करायची ती पावलांनी हललेल्या जमिनीमुळे, की नूरीकडे बघून?

"म्हंजे सगळ्या बाजारातनं मालकानं निवडून निवडून बहिरी घोडी आनली," ती म्हणाली, आणि तिला एकदम असं हसू फुटलं की चहाच्या गाड्यावरचा सटवाजी उठून बघू लागला.

विशाखा मात्र हसत नव्हती. ती नूरीकडे बघत होती. "मावशी, परत टाकते. तुम्ही फक्त नूरीकडे बघा."

ताट वाजलं. नूरीचे कान मागे गेले, मानेची शीर ताठ झाली. मग तिने मान वळवून गुलछडीकडे पाहिलं. गुलछडी कडबा चघळत होती. नूरीची मान खाली आली.

"आता गुलछडीला त्या पाण्याच्या टाकीमागे नेऊन उभी करा. नूरीला दिसता कामा नये."

चहा घेऊन आलेल्या शिवशंकरच्या हाती गुलछडीचं दावं आलं. तो काही न विचारता तिला टाकीमागे घेऊन गेला. विशाखाने ताट टाकलं, आणि नूरीने मागचे दोन्ही पाय झाडत असा हिसडा दिला की दावं तारामतीच्या हातातून निसटता निसटता राहिलं.

विशाखाचे डोळे चमकायला लागले होते. तिने भराभर वहीत काहीतरी लिहिलं. "नूरी शांत नाहीच, मावशी. नूरी इतकी वर्षं गुलछडीला विचारून शांत राहते आहे."

नूरीला आणलं तेव्हा ती दोन वर्षांची होती, पहिल्या वरातीपासून ती गुलछडीच्या सोबतच चालली. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. शिकवायला वेळच कुठे होता?

त्याच वेळी रांगेच्या मधल्या भागातून आरडाओरडा झाला. एक पांढरा घोडा मागच्या पायांवर उभा होता, आणि त्याच्या लगामाला लोंबकळणारा तरुण अर्धा जमिनीवर, अर्धा हवेत होता. समोर हलगीवाले दोघे काठ्या थांबवून उभे होते.

"आदिनाथ हाय त्यो, लातूरचा," सटवाजी जवळ येऊन म्हणाला. बातमी असली की त्याला राहवत नसे. "म्हैना झाला घेऊन. परवाच्याला डीजेपुढं नवरदेवाला खाली टाकलं. आता इकून टाकतो म्हनतोय. पन हलगी ऐकली की असं करतंय, कोन घेनार?"

तारामतीने नूरीचं दावं विशाखाच्या हातात दिलं. गुडघे दुखत होते, तरी ती माणसांतून वाट काढत गेली. "ए पोरा," ती आदिनाथला म्हणाली, "इकू नकोस. घोडा घेऊन लिंबाखाली ये. हलगीवाल्यान्ला बी आन."

"काकू, मारील त्यो."

"मला मारील, तुला काय त्याचं? चल."

तो आला. धुळीने माखलेला, कपाळावर खरचटलेलं. तारामतीने आधी खरं काय ते सांगून टाकलं. "ही घोडी बहिरी हाय. आत्ताच कळलं."

आदिनाथने तिच्याकडे, मग गुलछडीकडे, मग चष्मेवाल्या डॉक्टरणीकडे पाहिलं. "काकू, माझी लई थट्टा झाली आज. तुमी बी करून राहिल्या का?"

"थट्टा न्हाई. मधी धर त्याला. एका बाजूला ही, एका बाजूला ती."

घोडा दोघींच्या मध्ये उभा राहिला. विशाखा म्हणाली, "वाजवा." हलगी कडाडली, आणि घोडा मागच्या मागे उसळला. आदिनाथ त्याच्यामागे फरफटत गेला.

"वीस पावलं," विशाखा म्हणाली.

"झालं समाधान?" शिवशंकर म्हणाला. सटवाजी हसला.

तारामतीचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. ती नूरीकडे बघत होती. वरातीत नूरी कुठे चालायची? बरोबरीने कधीच नाही. अरुंद गल्लीत दोघी शेजारी मावत नसत, म्हणून गुलछडी नेहमी हातभर पुढे असायची. नूरीला तिचे कान दिसायचे. भेदरलेला घोडा मान वळवून शोधत बसत नाही, समोर जे असेल ते बघतो.

तिने गुलछडीला हातभर पुढे घेतलं. "आता वाजवा."

हलगी वाजली. घोडा दचकला, बाजूला सरकला, पाय आपटले. समोर दोन पांढरे कान होते, सैल, हलकेच बाहेरच्या बाजूला पडलेले. तो त्यांच्याकडे बघत थरथरत राहिला.

"सात," विशाखा म्हणाली.

"परत."

आता बाजारातली माणसं जमली होती. हलगीवाल्यांना चेव आला होता, ते पार जवळ आले. गुलछडीने एकदा शेपूट हलवली, माशी होती म्हणून. घोड्याने नाकपुड्या फुगवल्या, तीन पावलं मागे घेतली, आणि मग आपण होऊन एक पाऊल पुढे येऊन तिच्या पाठीवर हनुवटी टेकवली.

"तीन," विशाखा म्हणाली. "तीनच वेळा पाहिलंय, मावशी. एवढ्यावरून मी काही लिहून देणार नाही. पण वीस, सात, तीन."

आदिनाथने लगाम सैल सोडला होता आणि तो तोंड उघडं ठेवून उभा होता. "काकू," तो म्हणाला, "ही घोडी मला द्या."

"एकटी न्हाई देनार. नूरी बी. तिला हिच्याबिगर करमत न्हाई, आत्ताच बघितलंय डॉक्टरीणबाईनं."

"दोन्ही द्या."

"पाठीवर नवरदेव बसवायचा न्हाई. नुसतं पुढं चालायचं."

"न्हाई बसवनार."

"आन उठंना झाली की ह्याला बोलवायचं न्हाई." तिने सटवाजीकडे हात केला. "डॉक्टरला बोलवायचं. सुई द्यायची. तवा मला फोन करायचा, मी यीन."

आदिनाथने मान हलवली. मग गुरांच्या बाजारात देतात तसा हातावर हात देण्यासाठी त्याने तळवा पुढे केला. तारामतीने घाई केली नाही. तिने त्याचा तळवा उलटा करून पाहिला. लगामाने सोललेला, पण नखं कापलेली, आणि मनगटाला खराऱ्याचे केस चिकटलेले. मग तिने हात दिला.

सटवाजी म्हणाला, "आन माझं गिऱ्हाईक?"

"त्याला म्हनावं ट्रॅक्टर घे."

टेम्पो आला तेव्हा उन्हं कलली होती. घोडा फळीपाशी अडला. नूरी चढली नाही, कारण गुलछडी चढली नव्हती. आणि गुलछडी फळीवर एक खूर ठेवून मान वळवून तारामतीकडे बघत उभी राहिली. आदिनाथने चुचकारलं, शिवशंकरने मागून ढकललं, काही उपयोग झाला नाही.

विशाखा बाजूला उभी राहून बघत होती. "ही पण कोणाला तरी विचारते," ती म्हणाली.

तारामतीने पदर कमरेला खोचला. फळीवर पाय ठेवताच डाव्या गुडघ्यातून कळ गेली, तशी तिने गुलछडीच्या मानेभोवती हात टाकला आणि दोघी मिळून वर चढल्या. मागोमाग नूरी. आणि मग खुरांचा दणदणाट करत तो घोडा.

"माय, तू उतर आता," शिवशंकर खालून म्हणाला. "आपली बस हाय सहाची."

"मला बी लातूरलाच जायचंय न्हवं?"

"अगं, टेम्पोत? घोड्यांत?"

"घर बघायचंय मला आदिनाथचं. पानी कुटून आनतो, सावली कवर ऱ्हाती. तू बसनं ये. आन येताना माझी पिशवी आन, ताट डॉक्टरीणबाईकडं ऱ्हायलंय."

टेम्पो हलला. मागून हलगीवाल्यांनी, कोणी न सांगता, एक फेर वाजवला. घोड्याची कातडी शहारली. तारामतीने बघितलं, तो गुलछडीच्या कानांकडे बघत होता, आणि गुलछडी तिच्याकडे. मग ती लोखंडी दांडीला धरून गुलछडीच्या पुढे, हातभर अंतरावर, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.