पुलापलीकडचं पिस्तूल

"साहेब, समोरच्या खणात पिस्तूल आहे," हार्लन टीटर म्हणाला. दोन्ही हात त्याने स्टिअरिंगवर, वरच्या बाजूला, लख्ख दिसतील असे ठेवले होते. "भरलेलं आहे. तुम्ही कागद मागणार, मी खण उघडणार, आणि उगाच तुमच्या पोटात गोळा येणार. म्हणून आधीच सांगितलं."

खिडकीशी वाकलेला पोलीस तरुण होता. छातीवर केसलर असं नाव. गाडीचा मागचा एक दिवा लागत नाही, एवढंच सांगायला त्याने ट्रक थांबवला होता. तो एकदम ताठ झाला.

"परवाना आहे?"

"कसला?"

"पिस्तूल गाडीत बाळगायचा."

हार्लनला हसूच आलं. "गाडीतल्या पिस्तुलाला कसला आलाय परवाना?"

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, आयडेलाने, त्याच्या दंडाला हलकेच चिमटा काढला. "हसू नकोस रे. तो हसत नाहीये."

खरंच तो हसत नव्हता. उलट पोराच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं. "काका, तुम्ही पूल ओलांडून आलात," तो म्हणाला. "हे मेरीलँड आहे."

तर काय, सगळं एवढ्यावरच होतं. पोटोमॅक नदीच्या पलीकडे, वेस्ट व्हर्जिनियात, हार्लन बासष्ट वर्षं जगला होता आणि तिथे गाडीत पिस्तूल ठेवायला कुणी कुणाला विचारत नसे. तो विहिरींचे पंप दुरुस्त करायचा. डोंगरातल्या घरांच्या विहिरींवर लाकडी झाकणं असतात, त्याखाली उन्हाळ्यात गारव्याला साप येऊन बसतात आणि ते काही पंपवाल्याचा मुलाहिजा ठेवत नाहीत. म्हणून पिस्तूल. पान्यांसारखंच तेही एक हत्यार. आणि पोलिसाने गाडी थांबवली की हात वर ठेवायचे, पिस्तूल आहे हे त्याने विचारायच्या आत सांगायचं, ही बापाने लावलेली शिस्त. तिकडच्या शेरीफचा माणूस त्यावर म्हणायचा, "बरं, राहू दे तिथेच. माझंही माझ्यापाशीच राहू देतो," आणि दोघं हवापाण्याच्या गप्पा मारायचे. मी पिस्तूल घेऊन चाललोय, असं पोलिसाला आपणहून सांगणं म्हणजे भल्या माणसाचं वागणं. पुलाच्या या टोकाला तोच कबुलीजबाब ठरतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बायकोला इस्पितळात न्यायचंय," हार्लन म्हणाला. "रेडिएशन चालू आहे. तेहेतीस दिवस रोज, शनिवार-रविवार सोडून. आज बारावा दिवस. डॉक्टर म्हणालेत, मध्ये खंड पडता कामा नये."

"म्हणजे अकरा वेळा तुम्ही हे पिस्तूल घेऊन पूल ओलांडलात?"

"बाराव्यांदा आत्ता," आयडेला म्हणाली. "गणित कच्चं आहे की काय तुझं?"

केसलरने मान खाली घातली. त्याने हार्लनला बेड्या घातल्या, पण हात मागे न वळवता पुढेच ठेवून. दुसरी गाडी बोलावली आणि तिच्यातून आयडेलाला इस्पितळात पाठवलं. औषधांनी केस गेलेल्या डोक्याला निळा रुमाल बांधून ती पोलिसांच्या गाडीत मागच्या सीटवर बसली, तेव्हा हार्लनचा जीव तुटला. ती मात्र काच खाली करून ओरडली, "मला तरी सायरन वाजवत नेणारेत रे! तुझ्या ट्रकपेक्षा लवकर पोचेन!"

संध्याकाळच्या आत त्याला सोडलं. तारीख मिळेल तेव्हा हजर राहायचं, असं लिहून घेतलं. पिस्तूल त्यांनी ठेवून घेतलं.

पुढचे तीनेक आठवडे तो रोज पूल ओलांडत होता आणि रोज पुलाच्या मध्यावर हात लांबवून समोरचा खण चाचपत होता. ट्रक त्याने आतून धुऊन काढला. खणात आता फक्त कागद आणि आयडेलाच्या आल्याच्या वड्या. शेवटी शेवटी तिच्या अंगात त्राण उरत नसे. ऑपरेशन झाल्यापासून डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि रेडिएशनने कातडी अशी भाजली होती की सीटचा पट्टासुद्धा सोसवेना. तो पट्ट्याखाली मऊ टॉवेल घडी करून ठेवायचा. मुलगा दोन हजार मैलांवर तेलाच्या विहिरीवर कामाला. शेजारच्या डॉर्सीला मोतीबिंदू. हार्लन नसला तर तिला नेणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून त्यावर ती दोघं बोलत नसत.

तारीख नेमकी पाच दिवस उरलेले असताना आली.

सरकारने दिलेला वकील टोबायस लेंक हा घाईतला पण मनाने बरा माणूस होता. कोर्टाच्या बाहेर बाकावर त्याने हार्लनला समजावलं. "हे बघा, पिस्तूल आहे हे माहीत असताना बाळगणं, हा गुन्हा आहे. तुम्ही फक्त म्हणायचं, मी विसरलोच होतो. पोलीस दिसल्यावर एकदम आठवलं. बस्स."

"पण मी विसरलो नव्हतो."

"टीटर, तीस दिवसांची कैद होऊ शकते. आजपासून. कळतंय का?"

हार्लनला कळत होतं. त्याने आयडेलाकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या सूचना वाचत असल्याचं सोंग करत होती.

आत न्यायाधीश प्राथरबाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज कोरडा. केसलरने साक्ष दिली. जे घडलं तेच सांगितलं आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाला, "चार वर्षांच्या नोकरीत विचारायच्या आधी सांगणारा हा पहिलाच माणूस मला भेटला." वकील लेंकने कपाळावर हात मारला, कारण पोराला चांगलं बोलायचं होतं आणि त्याने फास आणखी आवळला होता.

"मिस्टर टीटर," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "पिस्तूल गाडीत आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

हार्लन उभा राहिला. मी विसरलो होतो. तीनच शब्द. पाच दिवसांसाठी तीन शब्द बोलायचे, त्यात काय मोठंसं? त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"त्याला काय माहीत असणार?" आयडेला उभी राहून म्हणाली. "पिस्तूल माझं आहे. मीच ठेवलं होतं खणात. त्याला नाही, मला शिक्षा करा."

तिने रुमाल नीट केला आणि न्यायाधीशबाईंकडे रोखून पाहिलं. माझ्यासारखीला तुम्ही कुठे डांबणार, असा तो सरळ सरळ हिशोब होता, आणि तो वाईटही नव्हता. लेंकच्या डोळ्यांत आशा चमकली. त्याने हार्लनच्या कोपराला ढोसलं. गप्प राहा. फक्त गप्प राहा.

हार्लनच्या डोळ्यांत पाणी आलं. छत्तीस वर्षांच्या संसारात त्याने चारचौघांत बायकोचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. पोरासमोर नाही, सासूसमोर नाही.

"ती खोटं बोलतेय, बाई," तो म्हणाला. "तिने आयुष्यात त्या पिस्तुलाला हात लावलेला नाही. माझ्या अवजारांच्या पेटीतला पानासुद्धा ती चिमटीत धरून देते. पिस्तूल माझं. ठेवलं मी. आणि ते तिथे आहे हे मला रोज माहीत होतं. ते ठेवायचं नसतं, एवढंच माहीत नव्हतं."

"गाढवा!" आयडेला म्हणाली आणि खाली बसली.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "कायदा माहीत नव्हता हे मला ऐकून घेता येत नाही. ते इथे सगळेच सांगतात."

"ऐकू नका," हार्लन म्हणाला. "तीस दिवस द्या, साठ द्या. फक्त आज नको. तिचे पाच दिवस राहिलेत. तेवढे मला करू द्या. मग मी स्वतःच्या पायांनी येतो. मी सांगतो तसं करतो हो, बाई. या पोराला विचारा."

केसलर खाली बघत होता. न्यायाधीशबाई बराच वेळ कागदांवर काहीतरी लिहीत राहिल्या. मग त्यांनी वाचून दाखवलं. तीस दिवसांची कैद, त्यातले वीस दिवस स्थगित. पिस्तूल जप्त. उरलेल्या दहा दिवसांसाठी पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता जिल्हा तुरुंगात हजर व्हायचं.

हार्लनचा जीव भांड्यात पडला. तुरुंगाची शिक्षा ऐकून इतकं हलकं वाटलेला माणूस त्या कोर्टाने पाहिला नसेल. त्याने न्यायाधीशबाईंचे दोनदा आभार मानले. बाहेर आल्यावर आयडेला थेट ट्रकमध्ये जाऊन बसली. मग म्हणाली, "साडेअकराची वेळ आहे. चालव आता."

पाच दिवस झाले. तेहेतिसाव्या दिवशी नर्सबायांनी तिला उपचार संपल्याची घंटा वाजवायला लावली. तिने ती इतक्या जोरात वाजवली की एक डॉक्टर दाराशी धावत आला.

पहिल्या सोमवारपर्यंत तिची भाजलेली कातडी बरी होत आली होती. त्या सकाळी ट्रक आयडेलाने चालवला. परत येताना तो तिलाच आणायचा होता, मग जातानाही मीच चालवते, असा तिचा हट्ट. पूल ओलांडला. तुरुंगासमोर तिने गाडी उभी केली. सीटच्या अगदी कडेला ती कशीबशी टेकली होती, आणि पाय लांबवून बोटांच्या टोकांनी ब्रेक दाबत होती.

"अगं, सीट पुढे घे की," हार्लन म्हणाला. "खाली दांडी आहे. ओढली की सरकते."

"नको."

"पाठ मोडेल तुझी. दहा दिवस असंच चालवणार आहेस?"

"तुझ्या मापाची आहे ती," आयडेला म्हणाली. "एकदा हलवली की पुन्हा बसत नाही नीट. राहू दे तशीच."

तो उतरला. घड्याळ, पट्टा, पाकीट असं सगळं तिच्या मांडीवर ठेवलं आणि आत गेला. दाराच्या जाळीतून त्याने वळून पाहिलं. ट्रक वळत होता. स्टिअरिंगमागे कुणी बसलंय असं वाटतच नव्हतं, फक्त निळ्या रुमालाचा शेंडा दिसत होता.