उजवी पाकळी

खोटं बोलायला जीभच लागते असं कुठे आहे? झुलाल गुरवाने ते काम दोन थेंब पाण्यात उरकलं होतं, आणि तेही भर गावासमोर, देवीच्या तोंडून.

शिरपूरकडच्या त्यांच्या गावात काही अडलं की भवानीला कौल लावायचा. कण्हेरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या आणि गप वाट पाहायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्न असो, विहीर असो, देवीच्या शब्दाबाहेर कोणी जायचं नाही. पाकळ्या चिकटवायचा मान झुलालच्या घराण्याकडे होता.

सन एकोणीसशे अकराच्या पौषात गावात उंदीर मरून पडायला लागले. प्लेगच तो. सरकारी हुकूम आला, गाव सोडा, शेतात झोपड्या घालून राहा. गाव देवळापुढे जमलं आणि प्रश्न टाकला, "माय, गाव सोडू का?" झुलालची बायको पुष्पाबाई तेव्हा चार दिवसांची बाळंतीण. त्या मरणाच्या थंडीत ओली बाळंतीण आणि लालबुंद पोर उघड्या शेतात न्यायचं, या विचारानेच त्याचं अवसान गळालं. त्याने उजवी पाकळी चांगली भिजवली आणि डावीला नुसतं ओलं बोट लावलं. डावी पडली. गाव राहिलं. महिन्याभरात अकरा घरांतली एकोणीस माणसं गेली. बेबाबाईची दोन्ही पोरं एकाच आठवड्यात गेली. झुलालच्या घरात मात्र कोणाला साधा ताप आला नाही. आता काय म्हणावं याला.

तेव्हापासून चोवीस वर्षं, दर मंगळवारी, झुलाल निर्जळी उपास करी, देवळाच्या उंबऱ्यावर नाक घाशी, "माय, चुकनू" म्हणे. मग दोन पाकळ्या लावून विचारी, माफ केलंस का? कधी उजवी पडे, कधी डावी. पण खरं मानायचं कोणतं? हात त्याचाच आणि पाणीही त्यानेच लावलेलं. लोक म्हणत, गुरवाची भक्ती पाहावी. त्याला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होई.

पुष्पाबाई वारली. झुलालची छातीही भात्यासारखी वाजायला लागली. पोरगा पंडित शिरपूरला कापसाच्या जिनात कामाला होता. त्याने निरोप धाडला, बुधवारी गाडी घेऊन येतो, आबा, आता इकडेच राहा. झुलालला वाटलं, उत्तर न घेता गेलो तर मरणही धड यायचं नाही.

तो शेवटचा मंगळवार. बेबाबाई नेहमीसारखी दिव्याला तेल घेऊन आली. झुलालने कण्हेरीचं फूल तिच्यापुढे धरलं.

"अक्का, आज कौल तू लाव. मना हात खोटा शे."

आणि त्याने सगळं सांगितलं. बाळंतीण, पाणी, डावी पाकळी. सांगताना एकदाही मान वर केली नाही.

बेबाबाईने तेलाची वाटी खाली ठेवली. "काय इचारू?"

"देवीनं माले माफ करं का, ते."

"ते तुनं तू इचार. मी मनं इचारसू."

तिने दोन्ही पाकळ्या एकदमच पाण्यात बुडवल्या, सारख्याच झटकल्या, दोन हातांनी एका वेळी दोन्ही खांद्यांवर लावल्या. हात जोडले आणि म्हणाली, "माय, गाव सोडू का?"

हा प्रश्न पुन्हा विचारता येतो, हे चोवीस वर्षांत झुलालच्या डोक्यात आलंच नव्हतं. डावी पडली तर देवीचंही तेव्हा तेच म्हणणं होतं. मग तो सुटला. तो मनातल्या मनात डावी, डावी म्हणत राहिला. त्याची त्याला लाज वाटली, तरी थांबवेना.

उजवी पडली.

बेबाबाईने ती उचलून तळहातावर ठेवली. "त्या दिनले मनी गाडी जुपेल व्हती, भाऊ," ती म्हणाली. "दोन्ही पोरे गाडीमा बठेल व्हतात. तू सांगं डावी पडनी, आनि मी बैल सोडी दिधात."

झुलाल उंबऱ्याकडे गेला नाही. तिथेच, तिच्या पायांपुढे त्याने नाक घासलं. तिने पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. दिव्यात तेल घातलं आणि घरी गेली.

बुधवारी पंडित आला तर बाप घरी नाही. शोधत गेला तेव्हा तो भाईदासच्या ओट्याखाली उभा सापडला, टोपी हातात, डोळे सुजलेले. भाईदासचा बाप प्लेगात गेला होता. आत भाईदासची म्हातारी आई रडत होती.

"आबा, चला ना. गाडी उभी शे."

"तू जाय. अजून नऊ घरं बाकी शेतस."

"कसानी घरं?"

झुलालने पोराकडे पाहिलं. चोवीस वर्षांचा, उंचापुरा, निरोगी.

"तुले शेवटला सांगसू," तो म्हणाला, आणि पुढच्या घराकडे चालायला लागला.