वेदीपुढचा जांभळा पडदा

मित्रांनो, मी डोंगरावरच्या चर्चमधला एक जुना जांभळा पडदा आहे. मला फर्मिनानं विणलं. त्याच वर्षी तिचा नवरा बेनितो गवती दोरांच्या पुलावरून कोसळून नदीत वाहून गेला होता. विणताना ती रडत नसे, धागा मात्र फार घट्ट ओढी. त्यामुळे मी जाड आणि जड झालो.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मला वेदीपुढे टांगत. "पलीकडे पवित्र जागा आहे, मळक्या मनानं पुढे जाऊ नका," असं पाद्री बजावीत. पलीकडे काय आहे ते मी कधीच पाहिलं नाही, कारण वेदीकडे माझी पाठ असे. पण बंद दारांच्या त्या रिकाम्या चर्चमध्ये माझ्या पाठीवर कुणाचा तरी श्वास येई. संथ, कोमट श्वास. मला त्याची फार भीती वाटे.

गावात निकानोर नावाचा दोर वळणारा होता. दर गुड फ्रायडेला तो डोंगराचा चढ गुडघ्यांवर रांगत येई. फरशीवर रक्ताचे ठिपके पडत. तो माझ्याजवळ आला, की पाठीवरचा श्वास जोर धरी. मी फुगून त्याच्या अंगावर झेपावे. मेणबत्त्यांच्या ज्योती आडव्या होत. तो थरथरत मागे सरके.

"बघितलंस? देवालाच नकोय तो," बायका कुजबुजत.

"अगं, काहीतरी करून बसला असणार मेला!"

मलाही तसंच वाटे.

एका गुड फ्रायडेला भर दुपारी आभाळ काळवंडलं. लोक मिरवणुकीबरोबर चौकात गेले होते. फर्मिना एकटीच वाती कापत थांबली होती. तेवढ्यात निकानोर रांगत आत आला.

"दादा, पुरे की आता! किती सोलून घेशील स्वतःला?" ती म्हणाली.

तो मान खाली घालून बोलला, "वहिनी, पुलाची ती गाठ मी बांधली होती. दारू प्यायलो होतो. सैल राहिली."

फर्मिनाच्या हातातली कात्री थांबली. 

"म्हणून माझ्या दारात लाकडं आणून टाकायचास?"

"वाटलं, फिटेल."

"नाही फिटत!" ती किंचाळली. "तुझ्या गुडघ्यांनी नाही, माझ्या रडण्यानंही नाही. आपल्याच्यानं फिटलं असतं, तर तो खिळ्यांवर कशाला गेला असता रे?" तिनं क्रूसाकडे बोट दाखवलं.

त्याच क्षणी माझ्या पाठीवरचा श्वास थांबला. प्रथमच, पूर्ण थांबला. आणि जिथे शिडीशिवाय कुणाचा हात पोचत नाही, तिथून मी फाटू लागलो. वरून थेट खालपर्यंत. इतकी घट्ट वीण, पण मला जराही दुखलं नाही.

निकानोरनं तोंड झाकलं. "आत गेलो तर मरेन मी."

"मग आत मर. बाहेर नको." फर्मिनानं त्याचं मनगट धरलं. तिचा हात कापत होता. "मी तुला माफ केलेलं नाही, सांगून ठेवते. पण त्यानं वाट उघडलीय, तर अडवणारी मी कोण?"

ती दोघं माझ्या दोन तुकड्यांमधून पलीकडे गेली. एक दणकट पुरुष लेकरासारखा रडताना मी ऐकला. मग सारं शांत झालं. माझ्यामागे दोनच माणसं होती, पण श्वास तिघांचे येत होते.

तेव्हा कुठे मला उमगलं. इतकी वर्षं तो श्वास निकानोरला हाकलत नव्हता. तो त्याच्याकडे पोचू बघत होता, आणि मध्ये मी होतो.

संध्याकाळी निकानोरनं सगळं चौकात सांगून टाकलं. गावानं त्याच्याकडून पुलाचं काम काढून घेतलं. फर्मिनानं त्याच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधल्या, पण एक शब्दही बोलली नाही. ती त्याच्याशी बोलली, ती थेट पुढच्या सुगीच्या हंगामात.

माझे दोन तुकडे पुन्हा कुणी शिवून जोडले नाहीत. आता मी पेटीत पडून असतो आणि उंदीर मला कुरतडतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, मागणं एवढंच आहे. देवाच्या दाराशी कुणी भिऊन अडलेला दिसला, तर त्याचं मनगट धरा. तुमचा हात कापत असला, तरी धरा.