मास्तरांची मूठ

"हा नको. ह्याच्यावर तान्हं मूल आहे," काशीराम घाडींनी पहिला डबा बोटाने मागे सारला. "आणि ह्याच्यावर पोटुशी बाई. मला काय बाळंतीण समजलास काय रे?"

काउंटरमागे शरच्चंद्र केमिस्ट हसला. "तुमच्यासाठी आहे होय, मास्तर? मघाशी म्हणालात, गावाहून आलेल्या पाहुण्यासाठी."

"पाहुण्यासाठीच. पण पाहुणा पुरुष आहे."

"मग हा न्या," म्हणत शरच्चंद्रने वरच्या फळीवरचा तिसरा डबा काढला. त्यावर दंड फुगवून उभा असलेला एक गोरा पैलवान होता आणि चव चॉकलेटची होती. "बेस्ट पावडर. पोरं हाच नेतात."

"कुणाची पोरं?"

शरच्चंद्रने जीभ चावली. पण तीर सुटला होता. "तुमचीच की. व्यायामशाळेतली. मी वर्तमानपत्रात बांधून देतो, ते पिशवीत घालून नेतात. कित्येक वर्षं चाललंय. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मास्तरांना ठाऊक नव्हतं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात कुणाच्या घरी काय शिजतं हेसुद्धा ज्यांना जिन्यावरून कळायचं, त्या काशीराम घाडींना आपल्याच पोरांच्या पिशवीतलं कळलं नव्हतं. 

"मलाही वर्तमानपत्रात बांधूनच दे," ते म्हणाले.

काशीराम घाडी हे कारखान्यात फिटर होते, पण तो त्यांचा पोटाचा धंदा. खरी ओळख व्यायामशाळेची. चाळीच्या टोकाला पत्र्याची शेड, आत लाल माती, मारुतीची तसबीर, फिरवायची करेल-मुद्गलं आणि कोपऱ्यात एक भलंमोठं पितळी पातेलं. त्या पातेल्याचा एक रिवाज होता. रात्री घरी जाताना प्रत्येकाने घरून आणलेले मूठभर चणे त्यात भिजत घालायचे. पहाटे व्यायाम झाला की मास्तर स्वतः पातेल्यापाशी बसणार आणि प्रत्येकाला आपल्या हाताने एक मूठ देणार. साहेबाचा मुलगा असो की संपात मिल सुटलेल्याचा, कोणी किती आणले ते विचारायचं नाही. मिळणार मास्तरांची एक मूठ. आणि ती मूठ म्हणजे काय साधीसुधी होती? पोरांना दोन्ही हातांची ओंजळ पुढे करावी लागे, तरी दोन-चार चणे मातीत सांडत.

या पातेल्याला एकच नियम होता. डब्यातली पावडर पिणाऱ्याने त्यात हात घालायचा नाही. "डब्यातली ताकद डब्यातच राहते. झाकण लावलं की संपली," असं मास्तर छातीवर थाप मारून सांगायचे, आणि त्या छातीकडे बघून कोणाची उलट बोलायची छाती होत नसे.

काही वर्षांपूर्वी मुद्गलांच्या मागे असाच एक डबा सापडला होता. मास्तरांनी सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि विचारलं, "कुणाचा?" कोणी हलेना. मग सहदेव तावडे पुढे आला. व्यायामशाळेतलं सगळ्यात देखणं शरीर त्याचं. मास्तरांनी स्वतः घासूनपुसून तयार केलेलं. तो म्हणाला, "माझा." मास्तर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." तो आला नाही. पुढे त्याने नाहूर स्टेशनजवळ हेल्थ सेंटर काढलं, तेव्हा मास्तरांनी त्या रस्त्याने जाणंच सोडलं.

आणि आता त्याच मास्तरांच्या पोटात अल्सर फुटला होता. अर्धं पोट कापून काढलं म्हणून जीव वाचला. डॉक्टरांनी बजावलं, की चणे-शेंगदाणे बंद, तिखट बंद, थोडं थोडं खा आणि प्रोटीनची पावडर सुरू करा. मास्तरांनी चणे बंद केले आणि बाकीचं ऐकूनच घेतलं नाही. महिनाभर ते पेज पीत राहिले. अंगावरचं मांस असं उतरलं, की त्यांचा शर्ट त्यांच्यापेक्षा खुंटीवर बरा दिसायला लागला. दहा पावलं चालले की बसावं लागे. हनुमान जयंती जवळ येत चालली होती. त्या दिवशी पातेल्यापाशी आपण नसू, ही कल्पना त्यांना ऑपरेशनपेक्षा जास्त झोंबत होती. तेव्हा कुठे ते घरात न सांगता शरच्चंद्रच्या दुकानात गेले होते.

घरी आल्यावर त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. त्यांच्या बायकोने, जानकीबाईंनी, डबा पाहिला आणि झाकण उघडलं. आरे केंद्राच्या बाटलीतलं दूध तापवून त्यांनी मोठा ग्लास भरून पावडर कालवली. मास्तरांनी उभ्यानेच ग्लास घेतला आणि तालमीतल्या सवयीप्रमाणे एका दमात रिकामा केला. चव झकास होती. मिशी पुसून ते म्हणाले, "हं!"

पुढचं त्यांना नीट आठवत नव्हतं. अंगाला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आले तेव्हा ते जमिनीवर होते आणि जानकीबाई पदराने वारा घालत होत्या.

"तां काय पन्हा आसा घटाघटा पिऊक?" त्यांचा आवाज रडवेला होता, पण धार तशीच होती.

"डबोच खोटो. मी सांगत होतंय ना? डब्यात ताकद नसता," मास्तर पडल्या पडल्या म्हणाले. स्वतःचं खरं ठरल्याचं समाधान त्यांना तशा अवस्थेतही झालं.

"खरा-खोटा राहूंदे. त्या सहदेवाक विचारा. डब्यातला त्याका कळता."

"त्याच्या दारात मी जाऊचंय नाय. माझो नियम आसा."

"नियम तुमच्या पोटाक कळता काय?" जानकीबाई उठल्या. "तुमी गेल्यार तो नियम कोण पाळतलो? तुमका लाज वाटता तर मी जातंय."

मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले. शरच्चंद्रचं वाक्य कानातून जात नव्हतं. पोरं हाच नेतात. सगळी पोरं खोटं बोलली होती. मग ज्या एकाला आपण हाकललं, तो कोण होता? दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि गोऱ्या पैलवानाचा डबा पिशवीत टाकून रिक्षा केली.

सहदेवच्या हेल्थ सेंटरमध्ये दुपारची वेळ असल्याने कोणी नव्हतं. लोखंडी मशिनं, काळ्या गाद्या आणि चारी भिंतींना आरसे. त्यातल्या प्रत्येक आरशात मास्तरांना एक म्हातारा दिसला. त्यांनी मान वळवली.

"मास्तर?" सहदेव आतून आला. तो आता चांगला रुंद झाला होता. मास्तरांची अवस्था बघून त्याचा चेहरा उतरला. तो वाकून पाया पडला.

"एवढे आरसे कशाला रे? येऊन दाढ्या करतात काय सगळे?"

"पोरांना स्वतःला बघायला आवडतं, मास्तर."

"आमच्याकडे एकमेकांना बघायचे." मास्तर बाकावर टेकले आणि पिशवीतून डबा काढून त्यांनी गादीवर ठेवला. "हे प्यायलो आणि आडवा झालो. कुठला घ्यायचा ते सांग."

सहदेवने डबा हातात घेतला. किती प्यायलात, कसं प्यायलात, ऑपरेशन कसलं झालं, सगळं त्याने विचारून घेतलं. मग डबा उलटा फिरवला. "तुम्ही पुढचा पैलवान बघितलात. मागे वाचायचं असतं. पहिलं नाव साखरेचं आहे. अर्धा डबा साखर आणि वर चॉकलेट. तुमच्या अर्ध्या पोटात ती एकदम उतरली, वाट लागणारच ना. माझ्याकडे एक गृहस्थ येतात, असंच पोट कापलेले. त्यांचंही असंच झालं होतं."

त्याने आतून तीन डबे आणून मांडले. "हा बाहेरचा माल. झाकण एकदा उघडून परत बसवलेलं वाटतं, आत काय भरलंय देव जाणे. हा दुसरा, ह्यात नुसतं पीठ. आणि हा बघा. ह्याच्यावर चित्रच नाही. कोणी घेत नाही, कारण चव नाही. तुम्ही हाच घ्या."

मास्तरांनी बोट ओलं करून पावडर चाटली. "खडूसारखी लागते."

"म्हणूनच चांगली. जिभेला लाडीगोडी लावत नाही."

सहदेवने मिक्सरमध्ये पातळ दूध, अर्धं केळं आणि चमचाभर पावडर घातली. मिक्सर गरगरला. फेस आलेलं ते दूध त्याने छोट्या पेल्यात ओतलं आणि मास्तरांच्या हातात देताना पेला सोडला नाही. "बसून प्यायचं, घोट घोट. हे झाल्यावर तास-दीड तासाने पुन्हा थोडं. एका दमात संपवायला ही पैज नाही. आणि डॉक्टरांना हा डबा दाखवा, मगच रोजचं सुरू करा."

मास्तर एकेक घोट घेत राहिले. घाम आला नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तेव्हा तू एकटाच पीत होतास?"

सहदेव मिक्सरचं भांडं धूत होता. "नाही, मास्तर."

"मग बाकीच्यांची नावं का नाही घेतलीस?"

"तुम्ही विचारलंत, डबा कुणाचा. डबा माझा होता."

मास्तरांनी उरलेला घोट घेऊन पेला खाली ठेवला. इतक्या पोरांमध्ये एकच खरं बोललं आणि आपण नेमकं तेच वेचून फेकलं. त्यांना फार वाईट वाटलं. पण माफी मागणं काशीराम घाडींच्या हाडात नव्हतं, आणि सहदेवलाही ती नको होती.

"हनुमान जयंतीला ये," उठताना ते म्हणाले. "चणे घेऊन ये, मूठभर."

डॉक्टरांनी बिनचित्राच्या डब्याला होकार दिला. जानकीबाईंकडे मिक्सर नव्हता. त्या फिरकीच्या डब्यात दूध, कुस्करलेलं केळं आणि पावडर घालून, झाकण घट्ट लावून तो दोन्ही हातांनी खळखळ हलवायच्या. दिवसातून इतक्या वेळा तो आवाज व्हायचा, की सगळ्या चाळीला कळलं. "काय गं जानकी, खुळखुळा कुणासाठी?" शेजारची शेवंती विचारायची. "ह्यांच्यासाठी," जानकीबाई बिनधास्त सांगायच्या. मास्तर आतून ऐकत. आधी त्यांना शरम वाटायची, मग हसू यायला लागलं. हळूहळू ते नाक्यापर्यंत चालू लागले. मांस काही परत आलं नाही, पण आवाज आला, आणि मास्तरांचं निम्मं बळ आवाजातच होतं.

हनुमान जयंतीच्या पहाटे शेड गच्च भरली होती. जन्म झाला, नारळ फुटला. मास्तर पहिल्यांदाच खुर्चीवर बसले होते. सहदेव दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर, चपला काढून उभा होता. कोणी त्याला आत ये म्हणेना, कारण नियम सगळ्यांना पाठ होता.

मास्तरांनी पिशवीतून फिरकीचा डबा काढला. तो खळखळ हलवला, झाकण फिरवलं आणि सगळ्यांदेखत सावकाश पहिला घोट घेतला. 

"ही पावडर आहे," मास्तर म्हणाले. "डब्यातली. दिवसातून चार-पाचदा पितो. नाही प्यायलो तर मरेन. आता मागे एकदा विचारलं होतं तेच परत विचारतो. डबा कुणाकुणाचा आहे?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी धोंडिरामने हात वर केला. धोंडिराम म्हणजे व्यायामशाळेतला सगळ्यात जुना, पोरांना बैठका घालून घेणारा. त्याचे कान लाल झाले होते. मग दुसरा हात आला, तिसरा आला, आणि बघता बघता निम्मी शाळा हात वर करून उभी राहिली.

"अरे गाढवांनो," मास्तर खदखदून हसले, आणि हसताना टाक्यांची जागा दुखली म्हणून त्यांनी पोट धरलं. "शरच्चंद्राला श्रीमंत केलात ना! आणि घेताय तो चॉकलेटचा घेताय. अर्धी साखर आहे त्यात. मागचं वाचत जा." मग ते गंभीर झाले. "आजपासून नियम बदलला. ज्याला प्यायचं त्याने प्यावं. फक्त लपवायचं नाही. लपवणाऱ्याने पातेल्यात हात घालू नये. सहदेव, आत ये. पहिला तू."

सहदेव उंबरा ओलांडून आला. त्याने आदल्या रात्री धोंडिरामच्या हाती पाठवलेले मूठभर चणे पातेल्यात भिजून फुगले होते. मास्तरांचेही त्यात होते. त्यांना ते चावता येणार नव्हते, तरी घालायचे म्हणून त्यांनी घातले होते.

तो पातेल्यासमोर गुडघे टेकून बसला आणि पूर्वीसारखी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मास्तरांनी पातेल्यात हात घातला, बोटं मिटली आणि मूठ त्याच्या ओंजळीत सोडली.

ओंजळीच्या तळाशी थोडेसेच चणे पडले. एकही मातीत सांडला नाही. मास्तरांनी आपल्या मुठीकडे पाहिलं आणि ते ती पुन्हा पातेल्यात घालायला निघाले.

तेवढ्यात सहदेवने डावा हात अलगद काढून घेतला. चणे उजव्या तळहातावर घेतले, कपाळाला लावले, आणि एवढेच तर नेहमी मिळायचे अशा चेहऱ्याने उठून बाजूला झाला.

त्याच्यामागे धोंडिराम होता. त्याने ओंजळ धरली होती, ती सोडली आणि एकच हात पुढे केला. मागची पोरंही मग एकेक हात पुढे करून रांगेत सरकत राहिली.