नवव्या दिवसाचा वास

माझं काम कोंबडी हुंगायचं. हसा खुशाल, बायकोही हसायची. "घरोघरचे नवरे फुकटात नाक मुरडतात, माझ्याला त्याचा पगार मिळतो," म्हणायची.

शीतगृहात दोन कप्पे. दोन्हींत एकाच दिवशी कापलेल्या कोंबड्या. डावीकडच्या अँटिबायोटिकच्या पाण्यात बुडवलेल्या, उजवीकडच्या साध्या पाण्यात. थंडी दोघींना सारखीच. रोज हुंगायचं आणि कुठली कधी नासली ते वहीत लिहायचं. साधी सहा-सात दिवसांत नासते. औषधाची किती टिकते, हे शोधण्यात प्रयोग करणाऱ्या मॅडमची तीन वर्षं गेली होती आणि सगळी भिस्त माझ्या नाकावर. म्हणून माझ्याजवळ कुणी डबासुद्धा उघडायचा नाही. जेवायचो एकटाच.

घरीही एकटाच. बायकोला जाऊन सात महिने झाले. तिचा स्वेटर मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला होता. स्वयंपाक करताना बाहीला हात पुसायची, त्यावरून मी जन्मभर खेकसलो. आता दर रविवारी गाठ सोडून एकदा वास घ्यायचो आणि लगेच बांधायचो. गेल्या महिन्यात तापातून उठलो, पिशवी उघडली, तर काहीच नाही. गाठ सैल राहिली असणार. उरलंसुरलं माणूस मी माझ्या हाताने घालवलं. त्या दिवशी फार रडलो. जेवणालाही चव लागेना, पण माझ्या हातच्या जेवणाला ती कधी होती?

तापानंतरची ही पहिलीच खेप. नवव्या दिवशी मॅडम वही घेऊन आल्या.

"काका, साधीसुद्धा अजून ताजी? मग औषध काय कामाचं?"

"माझ्या नाकावर शंका?" मी तडकलो आणि उजवीकडची कोंबडी त्यांच्यासमोर धरली.

मॅडमनी झटकन नाकाला रुमाल लावला. माझ्या बोटांना चिकट तार आली होती. मी अगदी तोंड खुपसून हुंगलं. काही नाही.

"कधीपासून, काका?"

"तापापासून असेल."

वही रद्द झाली. नवी खेप, नवा माणूस. मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो. "हुंगायचं एक काम राहिलंय. माझ्याच्याने होत नाही."

त्यांनी गाठ सोडली, नाक आत घातलं, जरा वेळ घेतला.

"साबण आहे," त्या म्हणाल्या. "आणि बाहीला... लसूण?"

"पुरे, पुरे," मी म्हणालो. "जास्त उघडी ठेवू नका." आणि पिशवी ओढून घेऊन घट्ट गाठ मारली.